एचएसएमध्ये जादा गेलेले डॉलर: कोल्हापूरला परतल्यावर ते कसे काढायचे

अमेरिकेतली नोकरी सोडून कोल्हापूरला परतायचं ठरलं की दोन-तीन महिने गाडी विकण्यात, घराचा करार संपवण्यात, मुलांचे शाळेचे कागद गोळा करण्यात जातात. त्या धांदलीत हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे दवाखान्याच्या खर्चासाठी करसवलतीने पैसे साठवायचं एचएसए खातं, तसंच पडून राहतं. त्यात नुसते पैसे राहिले तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते मर्यादेपेक्षा जास्त पैसे भरले गेले असतील तर, आणि वर्षाच्या मधेच परतलेल्यांच्या बाबतीत तसं फार वेळा होतं. पगारातून कापले जाणारे पैसे आपण जानेवारीत पूर्ण वर्ष धरून ठरवलेले असतात, आणि मर्यादा मात्र विमा जितके महिने होता तितक्याच महिन्यांची मिळते.

या जादा रकमेवर अमेरिकेचं आयकर खातं, आयआरएस, दरवर्षी ६ टक्के दंडकर लावतं. एकदा नव्हे, रक्कम खात्यात पडून आहे तोवर प्रत्येक वर्षी.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शन मिळतं त्यात एक सोपा तोडगा हमखास असतो: एका वर्षाचे ६ टक्के भरा, पुढच्या वर्षी तेवढी रक्कम कमी भरा, जादा आपोआप जिरेल. परतलेल्या माणसाने हा तोडगा विसरावा. पुढच्या वर्षी जिरवायचं तर पुढच्या वर्षी एचएसएत भरण्याचा हक्क हवा, आणि तो हक्क फक्त अमेरिकेतला हाय डिडक्टिबल आरोग्य विमा, म्हणजे सुरुवातीचा मोठा खर्च आपणच करायचा असतो तो विमा, चालू असलेल्याला असतो. राजारामपुरीत राहून इथला मेडिक्लेम घेतलेल्या माणसाची मर्यादा शून्य. शून्यात काही जिरत नाही. म्हणून आपल्याला मुदतीच्या आत रक्कम बाहेर काढणं हाच खरा मार्ग आहे.

आधी जादा किती, ते अचूक काढा

२०२५ साठी वार्षिक मर्यादा एकट्याच्या विम्याला ४,३०० डॉलर आणि कुटुंबाच्या विम्याला ८,५५० डॉलर आहे. २०२६ साठी त्या अनुक्रमे ४,४०० आणि ८,७५०. वय ५५ किंवा जास्त असेल तर आणखी १,००० डॉलर. ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. ज्या महिन्याच्या १ तारखेला तुम्ही पात्र होता तो महिना मोजायचा, बाकीचे सोडायचे.

एक हिशेब मांडून पाहू. कुटुंबाचा विमा, नोकरी आणि विमा दोन्ही ३१ जुलै २०२५ ला संपले. पात्र महिने सात. ८,५५० ला १२ ने भागलं की महिन्याला ७१२.५० डॉलर, गुणिले सात, म्हणजे मर्यादा ४,९८७.५०. कंपनीने जानेवारीतच १,५०० डॉलर एकरकमी टाकले होते, आणि पगारातून दरमहा ६५० प्रमाणे सात महिन्यांत ४,५५० गेले. एकूण ६,०५०. जादा रक्कम १,०६२.५०. त्यावर एका वर्षाचा दंडकर ६३.७५ डॉलर.

इथे तारखेला किती महत्त्व आहे बघा. याच माणसाचा शेवटचा दिवस ३ ऑगस्ट असता, तर १ ऑगस्टला विमा चालू होता म्हणून ऑगस्ट पूर्ण मोजला गेला असता, मर्यादा ५,७०० झाली असती आणि जादा फक्त ३५० उरली असती. राजीनाम्याची तारीख अजून ठरायची असेल तर हा मुद्दा एचआरशी बोलून घ्या.

कंपनीचे आणि पगारातून कापलेले पैसे डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या पत्रकावर, बॉक्स १२ मध्ये डब्ल्यू या कोडसमोर एकत्रच दिसतात. पुष्कळजण तो आकडा फक्त कंपनीचा समजतात आणि पगारातले पैसे त्यात पुन्हा मिळवतात. मग नसलेली जादा रक्कम दिसू लागते. तुम्ही स्वतःच्या बँकेतून थेट भरलेले पैसे मात्र डब्ल्यू-२ वर नसतात. ते खात्याच्या विवरणातून घ्या.

मधेच परतणं सोडून आणखी काही कारणांनी जादा होते. नवरा-बायको दोघेही नोकरीत, एकाचा विमा कुटुंबाचा आणि दुसऱ्याचा एकट्याचा. दोघांनी आपापली मर्यादा वेगळी धरली. नियमाने एकाचा विमा कुटुंबाचा असला की दोघांना मिळून कुटुंबाची एकच मर्यादा. दुसरं कारण जोडीदाराच्या कंपनीतलं सर्वसाधारण एफएसए, म्हणजे दवाखान्याच्या खर्चासाठी कंपनीमार्फत चालणारं वेगळं खातं. त्यातून तुमचाही दवाखान्याचा खर्च भागू शकत असेल तर तुम्ही एचएसएला पात्रच नसता, आणि मग भरलेली सगळी रक्कम जादा ठरते. तिसरं कारण खास आपल्याकडचं: कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने कंपनीचा विमा चालू ठेवायची सोय, घेऊन अमेरिकेतला विमा चालू ठेवला, म्हणून महिने मोजत राहिलो, पण इथे आल्या आल्या पहिल्या रुपयापासून खर्च देणारा मेडिक्लेमही घेतला. तो दुसरा विमा सुरू झाला की पुढच्या १ तारखेपासून पात्रता गेली.

एक गोष्ट मात्र जादा समजून काढू नका. वर्षाच्या मधे विमा घेऊन १ डिसेंबरला पात्र असल्याच्या आधारावर पूर्ण वर्षाची रक्कम भरली असेल, तर त्यापुढचं संपूर्ण वर्ष ३१ डिसेंबरपर्यंत पात्र राहण्याची अट असते. त्या वर्षात तुम्ही परतलात तर अट मोडते. पण त्यावर उपाय रक्कम काढणं नव्हे. पात्र महिन्यांच्या हिशेबाहून जास्त भरलेली रक्कम अट मोडली त्या वर्षीच्या उत्पन्नात धरायची आणि त्यावर १० टक्के जास्तीचा कर भरायचा, फॉर्म ८८८९ च्या (रिटर्नला जोडायच्या एचएसएच्या फॉर्मच्या) तिसऱ्या भागात. ती रक्कम जादा म्हणून काढायला गेलात तर दवाखान्याच्या खर्चाशिवाय काढलेल्या पैशांवरचा २० टक्के कर वेगळा बसतो.

मुदत

२०२५ च्या रिटर्नची तारीख १५ एप्रिल २०२६. फॉर्म ४८६८ भरून मुदतवाढ घेतली असेल तर १५ ऑक्टोबर २०२६. या तारखेपर्यंत जादा रक्कम आणि तिच्यावर झालेली कमाई दोन्ही बाहेर आली, तर ६ टक्के लागत नाहीत.

रिटर्न वेळेत भरलं पण रक्कम काढायची राहिली, तरी दार बंद झालेलं नसतं. मूळ तारखेपासून सहा महिने, म्हणजे तेही १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, रक्कम काढता येते. त्यासाठी सुधारित रिटर्न, १०४०-एक्स, भरायचं आणि त्याच्या माथ्यावर इंग्रजीत ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ असं लिहायचं. रक्कम केव्हा आणि किती काढली याचा खुलासा सोबत जोडायचा. हे वाक्य लिहायला विसरणं ही नेहमीची चूक आहे.

२०२६ मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे. अंबाबाईच्या नवरात्रात घरात पाहुणे असताना हे काम करायची वेळ आणू नका. पैसे सप्टेंबरमध्येच खात्यातून निघालेले असावेत. खातं सांभाळणाऱ्या कंपनीला अर्ज पोचल्यावर रक्कम निघायला काही कामाचे दिवस जातात, आणि मोजली जाते ती अर्जाची नव्हे, रक्कम निघाल्याची तारीख.

रक्कम काढायची ती कशी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. खात्यावर लॉगिन करून, पैसे काढा हे बटण दाबून १,०६२.५० आपल्या बँकेत घेतले, तर ते साधं वितरण, म्हणजे खात्यातून नेहमीसारखे काढलेले पैसे, ठरतं. जानेवारीत १०९९-एसए, म्हणजे एचएसएतून काढलेल्या पैशांचं पत्रक, येईल त्यावर बॉक्स ३ मध्ये कोड १ असेल. आयआरएसच्या दृष्टीने तुम्ही दवाखान्याशिवाय पैसे काढले आणि जादा रक्कम जिथल्या तिथे राहिली. हवा असतो कोड २.

म्हणून खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर जादा रक्कम परत काढण्याचा वेगळा अर्ज शोधा. इंग्रजीत त्याच्या नावात ‘एक्सेस काँट्रिब्यूशन रिमूव्हल’ असे शब्द असतात. त्याच्या शेजारीच ‘मिस्टेकन डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा अर्ज दिसेल. तो उलट कामाचा आहे, चुकून बाहेर काढलेले पैसे परत आत टाकण्यासाठी. नावं सारखी वाटतात म्हणून भलताच अर्ज जातो.

अर्जात करवर्ष २०२५ लिहा, चालू वर्ष नव्हे. जादा रक्कम सेंटसकट लिहा. कमाईची रक्कम बहुतेक कंपन्या स्वतः काढतात, तरी ताळा करून ठेवा. सूत्र असं: ज्या काळात जादा रक्कम खात्यात होती त्या काळाच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक त्या काळात भरलेले पैसे, ही झाली सुधारित सुरुवात. शेवटची शिल्लक, अधिक त्या काळात काढलेले पैसे, हा सुधारित शेवट. दोहोंतला फरक भागिले सुधारित सुरुवात, गुणिले जादा रक्कम. समजा सुधारित सुरुवात १२,००० आणि सुधारित शेवट १२,४८०. फरक ४८०. १,०६२.५० च्या वाट्याला ४२.५० आले. म्हणजे काढायचे एकूण १,१०५ डॉलर. बाजार पडला असेल तर उत्तर उणे येतं आणि तेवढी कमी रक्कम काढली तरी पूर्ण काढली असं धरतात.

एचएसएतले पैसे म्युच्युअल फंडात गुंतवले असतील तर आधी युनिट विकून रोख भागात आणा. रोख शिल्लक अपुरी असेल तर अर्ज परत येण्याची किंवा अर्धवट रक्कम निघण्याची वेळ येते. आणि जुन्या कंपनीचं एचएसए दुसरीकडे हलवायचा विचार असेल तर हे काम उरकल्यावर हलवा.

पैसे अमेरिकेतल्या बँक खात्यातच घ्या. डॉलरचा कागदी चेक कोल्हापूरच्या पत्त्यावर मागवलात तर तो इथे वटवताना महिने आणि शुल्क दोन्ही जातात. म्हणून परतताना अमेरिकेतलं एक तरी बँक खातं चालू ठेवा, आणि निघण्याआधीच एचएसएच्या लॉगिनचा ओटीपी अमेरिकन मोबाइल नंबरवरून ईमेलवर किंवा ऑथेंटिकेटर ॲपवर वळवा. नंबर बंद झाल्यावर ओळख पटवणं फोनवर होतं, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात संध्याकाळचे झालेले असतात. १०९९-एसए आणि ५४९८-एसए (खात्यात भरलेल्या पैशांचं पत्रक) हे कागदही टपालाऐवजी ऑनलाइन मिळतील अशी सोय करून ठेवा.

रिटर्नवर काय कुठे

वरचाच हिशेब पुढे नेऊ. २०२५ चं रिटर्न भरण्याआधी १,१०५ डॉलर निघाले असं धरा.

फॉर्म ८८८९ च्या ओळ २ वर स्वतः थेट भरलेले पैसे येतात. इथे शून्य. ओळ ३ वर मर्यादा, ४,९८७.५०. महिन्यांचा तक्ता सूचनापुस्तिकेत आहे, तो भरूनच हा आकडा घ्या, कारण सॉफ्टवेअर पुष्कळदा बारा महिने गृहीत धरतं. ओळ ९ वर डब्ल्यू-२ मधले ६,०५०. पगारातून गेलेल्या पैशांवर आधी कर लागलेला नसतो, म्हणून जादा गेलेले १,०६२.५० आता शेड्यूल १ वर इतर उत्पन्नात दाखवायचे, कंपनीने ते डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये आधीच धरले नसतील तर. पैसे तुम्ही थेट भरले असते तर वेगळं उत्पन्न दाखवायची गरज नव्हती, फक्त तेवढी वजावट घ्यायची नाही. रक्कम वेळेत निघाली असल्यामुळे फॉर्म ५३२९ चा सातवा भाग, जिथे ६ टक्के दंडकर मोजतात, भरावा लागत नाही.

४२.५० ची कमाई २०२५ मध्ये येत नाही. ज्या वर्षी पैसे काढले त्या वर्षात, म्हणजे २०२६ मध्ये, ती इतर उत्पन्न म्हणून येते. १०९९-एसए सुद्धा २०२६ चा, जानेवारी २०२७ मध्ये निघेल: बॉक्स १ मध्ये १,१०५, बॉक्स २ मध्ये ४२.५०, बॉक्स ३ मध्ये कोड २. २०२६ च्या फॉर्म ८८८९ वर ओळ १४ए मध्ये १,१०५ आणि १४बी मध्येही तेच.

परतलेली माणसं नेमकी इथे चुकतात. २०२६ मध्ये अमेरिकेत एक डॉलरही कमावला नाही, मग रिटर्न कशाला, असं त्यांना वाटतं. पण एचएसएतून त्या वर्षी काहीही बाहेर निघालं असेल तर दुसरं कोणतंही कारण नसलं तरी ८८८९ जोडून रिटर्न भरावंच लागतं. अनिवासी झाला असाल तर १०४०-एनआर. आणि परतण्याच्या वर्षी ३१ डिसेंबरला तुम्ही अनिवासी ठरत असाल, तर मुख्य फॉर्म १०४०-एनआर आणि सोबत निवासी काळाचा १०४० विवरण म्हणून, असं दुहेरी रिटर्न होतं. ते साध्या सॉफ्टवेअरवर जमत नाही. एवढ्या कामासाठी तरी अमेरिकन कर जाणणारा माणूस गाठा.

राज्याचं रिटर्न विसरू नका. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसएची सवलत मानतच नाहीत. तिथे एचएसएचे पैसे आधीच राज्याच्या उत्पन्नात धरलेले असतात, त्यामुळे १,०६२.५० पुन्हा मिळवले तर त्याच पैशांवर दोनदा कर बसेल.

१५ ऑक्टोबर उलटून गेला तर

आता रक्कम जादा म्हणून काढता येत नाही. फॉर्म ५३२९ च्या सातव्या भागात ओळ ४७ वर या वर्षीची जादा, ओळ ४९ वर ६ टक्के, तो आकडा शेड्यूल २ वर. पुढच्या वर्षी तीच रक्कम ओळ ४२ वर उतरते आणि पुन्हा ६ टक्के. रिटर्न भरायची गरज नसलेल्या वर्षीही ५३२९ एकटा सही करून पाठवावा लागतो.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. पहिला, १,०६२.५० साधं वितरण म्हणून काढायचे, त्यावर नेहमीचा आयकर आणि वर २० टक्के, म्हणजे २१२.५० डॉलर, एकदाच भरायचे. दरवर्षीचे ६३.७५ चार वर्षांत २५५ होतात, त्यामुळे लवकर अमेरिकेत परतायचा विचार नसेल तर हे परवडतं. वय ६५ झालं की हे २० टक्के लागत नाहीत, साठीच्या पुढच्यांनी ते गणित वेगळं मांडावं.

दुसरा रस्ता फारसा कुणी सांगत नाही. ६ टक्के लागतात ते जादा रक्कम आणि ३१ डिसेंबरची खात्यातली शिल्लक यांपैकी जे कमी असेल त्यावर. शिल्लक शून्य तर दंडकर शून्य. खात्यात थोडेच पैसे असतील तर ते खऱ्या वैद्यकीय खर्चावर वर्षाअखेरपर्यंत संपवून टाका. कोल्हापुरातल्या दवाखान्याचं बिल चालतं. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथे घेऊन इथेच वापरलेली आणि दोन्ही देशांत कायदेशीर असतील तर तीही चालतात. पण शिल्लक शून्यावर आली तरच याचा उपयोग. अर्धी शिल्लक बिलांवर खर्चून जादा रक्कम कमी होत नाही, कारण ओळ ४४ वर फक्त करपात्र वितरण मोजतात.

आणि बिल कुणाचं, हे काळजीपूर्वक बघा. तुमचं आणि जोडीदाराचं चालतं. आई-वडिलांचं मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं बिल भरायचा मोह होतो, पण भारतीय नागरिक असलेले आणि इथेच राहणारे आई-वडील अमेरिकन कायद्याने अवलंबित ठरत नाहीत. मुलांकडे अमेरिकन पासपोर्ट असेल तर त्यांचं बिल बसू शकतं, फक्त भारतीय पासपोर्ट असेल आणि ती इथे राहत असतील तर नाही. इथल्या मेडिक्लेमचा हप्ताही चालत नाही. प्रत्येक बिलावर रुग्णाचं नाव, तारीख, पैसे भरल्याची पावती आणि त्या दिवसाचा डॉलरचा दर लिहून स्कॅन करून ठेवा. रिटर्नला जोडायचं नसतं, विचारलं तर दाखवायचं असतं.

भारतातल्या रिटर्नचं

परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकजण निवासी पण सामान्य निवासी नाही या वर्गात असतात. तेव्हा एचएसएतलं अमेरिकेतलं उत्पन्न इथे करपात्र नसतं आणि शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता, भरावं लागत नाही. सामान्य निवासी झालात की शिल्लक कितीही लहान असो, खातं शेड्यूल एफएमध्ये दाखवा. त्यात आकडे आर्थिक वर्षाचे नाहीत, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचे लागतात. खात्यात साठणारं व्याज आणि लाभांश तेव्हापासून इथल्या उत्पन्नात धरायचे. अमेरिकेत करमुक्त आहे म्हणून भारतात करमुक्त, असं होत नाही. तुमच्या सीएला डब्ल्यू-२, दोन्ही वर्षांचे फॉर्म ८८८९ आणि १०९९-एसए एकाच फोल्डरमध्ये द्या, आणि त्यांना आधीच सांगा की १,१०५ पैकी १,०६२.५० हे तुमचेच भरलेले पैसे परत आले आहेत, उत्पन्न फक्त ४२.५० आहे.